चकमकीची पहिली लाँग रायफल किटमधून बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि लाकूडकामाची आवड असलेल्या मराठी वाचकांकडून पुनःपुन्हा येणारे प्रश्न येथे त्यांच्याच भाषेत, किंचित सावरून एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. मात्र एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किटमध्ये नेमके काय मिळते? आणि तयार भाग जोडून "मी बंदूक बांधली" असे म्हणता येते का?

किटमध्ये आतून सर्पिल खाचा पाडलेली व मागचे तोंड ब्रीच प्लगने बंद केलेली तयार नळी, जुळवलेले लॉक (घोडा, गारगोटी आणि स्प्रिंग असलेली ठिणगी पाडणारी यंत्रणा), चाप, पितळी किंवा लोखंडी सामान आणि अर्धवट घडवलेला लाकडी दस्ता इतके भाग असतात. त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. कारखानी किटमध्ये बहुतेक काम स्क्रू आवळण्याचे आणि दस्त्याला पॉलिश करण्याचे असते. दुसऱ्या प्रकारात दस्ता बाहेरून ओबडधोबड कोरलेला असतो आणि धातूचे भाग बसण्याच्या खाचा जाणूनबुजून अपुऱ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे खरे काम तेथे सुरू होते. तिसरा प्रकार संगणकीय यंत्रावर कापलेल्या दस्त्याचा असून त्यात भाग जवळपास हाताने दाबून बसावेत इतकी अचूकता असते.

"बांधली" या शब्दाबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. अठराव्या शतकातील पेन्सिल्व्हेनियाचे कारागीरसुद्धा लॉक बहुधा इंग्लंड किंवा जर्मनीहून आलेले तयारच विकत घेत असत. त्यांची खरी कसोटी लाकूड, धातू आणि नेम यांचा मेळ घालण्यात लागत असे आणि किट घेणाऱ्याचीही ती तेथेच लागते.

२. ही "लाँग रायफल" म्हणजे कोणती बंदूक? काही जण तिला केंटकी रायफल का म्हणतात?

जर्मन भाषक प्रदेशांतून व स्वित्झर्लंडमधून आलेल्या कारागिरांनी यागर नावाची आखूड, मोठ्या तोंडाची शिकारी रायफल सोबत आणली आणि अठराव्या शतकात आग्नेय पेन्सिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, तिचे रूप हळूहळू बदलत गेले. नळी लांब झाली, तोंड लहान झाले, त्यामुळे शिसे आणि दारू दोन्ही कमी लागू लागले. वस्तीपासून आठवडेच्या आठवडे दूर राहणाऱ्या शिकाऱ्याला हा फरक मोलाचा होता. अष्टकोनी नळी, लहरदार रेषांचे मेपल लाकूड, दस्त्यातील झाकणाची पितळी पेटी आणि बारीक, खाली झुकलेला दस्ता ही तिची ओळख ठरली. बंदूक जन्मली पेन्सिल्व्हेनियात, पण जानेवारी १८१५ मधील न्यू ऑर्लीन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या नेमबाजांची कीर्ती झाली आणि नाव त्यांचे चिकटले.

कोकणातील शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासण्याची पद्धत ओळखीची वाटेल. त्या बंदुका बहुधा टोपीच्या, म्हणजे घोडा स्फोटक टोपीवर आपटणाऱ्या असतात, तर येथे गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडावी लागते. हा वरवर लहान दिसणारा फरक बांधणीतील निम्म्या अडचणींचे मूळ आहे (प्रश्न १५ व १६).

३. अमेरिकेत अशा किटसाठी परवाना लागतो का?

संघराज्याच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात "पुरातन शस्त्र" ही वेगळी वर्गवारी असून, १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकांबरोबर काळ्या दारूवर चालणाऱ्या आणि आधुनिक काडतूस न वापरणाऱ्या तोंडभरणीच्या प्रतिकृतीही तिच्यात मोडतात. त्यामुळे असे किट बहुतेक राज्यांत टपालाने घरी येते. मात्र राज्यांचे कायदे निराळे आहेत. न्यू जर्सीत अशा रायफलसाठीही बंदूक खरेदीचे ओळखपत्र लागते आणि म्हणून अनेक विक्रेते तेथे माल पाठवतच नाहीत. किट मागवण्याआधी आपल्या राज्याचा आणि शक्य तर शहराचाही नियम वाचावा. विक्रेत्याने "चालते" असे सांगणे पुरेसे नाही.

४. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला हा छंद करता येईल का?

बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीने बंदूक बाळगण्यावर संघराज्याच्या कायद्याचे सर्वसाधारण बंधन असून त्याला मोजके अपवाद आहेत. ते बंधन "बंदूक" या व्याख्येवर आधारलेले आहे आणि पुरातन वर्ग त्या व्याख्येबाहेर ठेवलेला आहे. परंतु राज्याची व्याख्या वेगळी असू शकते, आणि चुकीचा परिणाम केवळ दंडापुरता न राहता व्हिसावरही होऊ शकतो. म्हणून एक ईमेल पाठवण्याइतकी तसदी घेऊन आपल्या इमिग्रेशन वकिलाचे लेखी उत्तर मिळवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तोपर्यंत लाकूडकामाचा सराव करायला कोणाचीही हरकत नसते.

५. मग तयार झालेली बंदूक भारतात नेता येईल का, किंवा किट भारतात मागवून तेथे बांधता येईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर परवान्याविना "नाही" असे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली बाळगणे, बनवणे आणि आयात करणे या तिन्हींसाठी स्वतंत्र परवाने लागतात आणि तोंडभरणीची बंदूक त्यातून सुटत नाही. त्या अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य शस्त्रांना सूट आहे, परंतु ती दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. नवी, चालती प्रतिकृती त्यात बसत नाही. "भिंतीवर टांगायला" हा खुलासा विमानतळावर उपयोगी पडत नाही.

६. पहिल्या बांधणीसाठी कोणते किट आणि कोणते कॅलिबर घ्यावे?

लाकूडकामाचा अनुभव बेताचा असेल तर संगणकीय यंत्रावर कापलेला, एकाच चापाचा आणि पितळी पेटी नसलेला साधा नमुना घ्यावा. टेनेसी व उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातील लोखंडी सामानाची "सदर्न माउंटन" पद्धतीची रायफल यासाठी चांगली, कारण तिचे सौंदर्य रेषांत आहे आणि नक्षीची उणीव तिला भासत नाही. अर्धवट कोरलेल्या दस्त्याचे किट स्वस्त दिसते, पण लॉक, नळी आणि सामान चांगल्या प्रतीचे घेतले की दोन्हींचा खर्च फारसा वेगळा राहत नाही. सर्वांत स्वस्त कारखानी किटमध्ये बचत सहसा लॉकवर केलेली असते आणि ठिणगी न देणारे लॉक हा नवशिक्याचा उत्साह मारण्याचा हमखास उपाय आहे.

निव्वळ निशाणावर मारायचे असेल तर ०.४० किंवा ०.४५ इंचाचे तोंड पुरते. हरणाची शिकार मनात असेल तर ०.५० घ्यावे, मात्र राज्याच्या शिकार नियमात किमान किती तोंड लागते ते आधी पाहावे. पेन्सिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळनंतर केवळ चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो आणि अनेकांच्या पहिल्या किटचे कारण तोच असतो. डावखुऱ्या व्यक्तीने डाव्या बाजूच्या लॉकचे किटच घ्यावे, कारण उजव्या लॉकचा दस्ता नंतर बदलता येत नाही.

७. हत्यारे किती लागतात? गॅरेज नाही, फक्त अपार्टमेंटची बाल्कनी आहे.

पक्का शिकंजा आणि त्याच्या जबड्यांना लावायला चामडे किंवा लाकडी पट्ट्या, पाव व अर्धा इंचाच्या दोन-तीन पटाश्या, एखादी गोल पटाशी, सपाट, अर्धगोल व बारीक कानशी, स्क्रॅपर, हातड्रिल, नेमक्या मापाचे पेचकस आणि लॉकच्या मुख्य स्प्रिंगसाठी तिचा खास चिमटा एवढ्यावर काम होते. शिकंजा हलणार नाही असे टेबल असले की बाल्कनी पुरते. धार लावण्याचा दगड मात्र यादीत सर्वांत वर असावा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी कोठे थांबेल हे कोणालाच ठाऊक नसते.

८. काम कोणत्या क्रमाने करावे?

आधी नळी, मग तिच्या मागची शेपटी, मग लॉक, मग चाप आणि त्यानंतर दस्त्याच्या टाचेची पट्टी, चापाचे कडे, गजाच्या नळ्या आणि पुढची टोपी असा क्रम ठेवावा. नळी मागच्या बाजूला लाकडाला पूर्ण टेकली पाहिजे, कारण बार उडताना धक्का तेथेच बसतो आणि तेथे फट राहिली तर दस्त्याला तडा जातो. लॉकची जागा नळीवरून ठरते, चापाची जागा लॉकवरून ठरते, म्हणून हा क्रम उलटवता येत नाही. बाहेरचे घडवणे, घासणे आणि रंग देणे हे सर्व भाग बसल्यानंतर करावे. पितळी पट्ट्या आधी चकाकवण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण त्यांच्या कडा लाकडाबरोबर एकत्र कानशीने घासूनच एका पातळीत येतात.

९. लॉक हातात असताना छान चालते, पण दस्त्यात बसवले की अर्ध्या घोड्यावर, म्हणजे घोडा अर्धा मागे ओढून अडकवण्याच्या स्थितीत, थांबत नाही. लॉक खराब आहे का?

बहुतेक वेळा लॉक निर्दोष असते आणि आतले लाकूड वाटेत आलेले असते. लॉकच्या आतील सीअर नावाची आडवी भुजा टंबलरच्या, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या तुकड्याच्या, खाचेत पूर्ण शिरण्यासाठी मोकळी हलली पाहिजे. ती लाकडाला किंचित जरी टेकली तरी खाचेत अर्धवटच अडकते. अर्धवट अडकलेला घोडा कधीही सुटू शकतो, म्हणून ही सुरक्षिततेची बाब आहे. दुसरे कारण चापाचे असते. चापाचे वरचे पाते सीअरला कायम दाबून धरत असेल तर सीअर खाचेत उतरूच शकत नाही, म्हणून चापाला किंचित ढिलाई हवीच.

लाकूड कोठे टेकते ते शोधण्याची जुनी रीत काजळीची आहे. तेलाच्या दिव्याची काजळी थेंबभर तेलात कालवून धातूच्या भागाला अगदी पातळ लावावी, भाग जागेवर दाबून सरळ वर उचलावा आणि लाकडावर जेथे काळा डाग उमटेल तेवढेच खरवडावे. पुन्हा लावावे, पुन्हा पाहावे. बाहेरून दिसणाऱ्या कडांपाशी एका वेळी केसभर लाकूड काढायचे असले तरी आतील चालत्या भागांभोवती मात्र सढळ जागा सोडावी, कारण उन्हाळ्याच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि हिवाळ्यात मोकळे चालणारे लॉक जुलैमध्ये अडते. लॉकची पट्टी नळीच्या बाजूला घट्ट भिडली आहे, आणि रंजकदान, म्हणजे लॉकवरची रंजक (ठिणगीने आधी पेटणारी थोडी दारू) ठेवण्याची वाटी, व नळी यांच्यामध्ये फट नाही, हेही याच वेळी तपासावे. त्या फटीतून रंजक आत सांडते.

१०. नळी दस्त्याला पिनांनी धरतात तर पिनांची भोके घट्ट असावीत ना?

दस्त्याच्या लाकडातील भोके घट्ट असावीत, नळीखालच्या लोखंडी कानांतील भोके मात्र नळीच्या दिशेने थोडी लांबट करावीत. हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड हलते, नळी हलत नाही, आणि चाळीस-बेचाळीस इंच लांबीच्या पातळ दस्त्याला हालचालीची मुभा मिळाली नाही तर तो वाकतो किंवा पिनेपाशी चिरतो. पिनांची टोके गोलसर घासावीत आणि त्या नेहमी एकाच बाजूने काढाव्यात व घालाव्यात, म्हणजे भोकाची कड उडत नाही. किटमध्ये पिनांऐवजी पाचरी असतील तरी नियम हाच आहे.

११. सर्व नीट बसले, तरी माझी रायफल जाडजूड, ओबड दिसते. काय चुकले?

लाकूड काढायचे राहिले. पहिल्या बांधणीतील हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे, कारण नवशिक्याला भीती वाटते ती जास्त कापले जाण्याची, आणि प्रत्यक्षात तो कापतो फारच कमी. अस्सल लाँग रायफलमध्ये नळीच्या दोन्ही बाजूंचे लाकूड पुढच्या भागात काही मिलिमीटरच जाड असते, लॉकभोवतीची सपाट चौकट अरुंद असते आणि मुठीपाशी दस्ता असा बारीक होतो की प्रथम पाहणाऱ्याला तो मोडेल की काय असे वाटते. शक्य असल्यास नॅझरेथजवळील जेकब्सबर्ग येथे पेन्सिल्व्हेनिया लाँग रायफल संग्रहालयात जाऊन जुने नमुने प्रत्यक्ष पाहावेत. छायाचित्रात लांबी कळते, जाडी कळत नाही.

घडवताना हाताने चाचपणे डोळ्यांपेक्षा विश्वासाचे ठरते. खिडकीकडून तिरपा उजेड येईल असा दस्ता धरावा आणि रेषा सलग वाहते की मध्येच उचकते ते पाहावे. यंत्रावर कापलेल्या दस्त्यात हे काम निर्मात्याने बहुतांशी केलेले असते, तेथे उगाच कापत बसू नये. जाडीबद्दलचा हा सल्ला अर्धवट कोरलेल्या दस्त्यासाठी आहे.

१२. लहरदार मेपलवर पटाशी चालवली की लाकडाचे टवके उडतात. घासून रंग दिल्यावरही खडबडीत लागते.

ज्या लहरींसाठी हे लाकूड महाग असते त्याच लहरींमुळे त्याचे तंतू सतत दिशा बदलतात, म्हणून धार कोणत्याही बाजूने नेली तरी काही ठिकाणी ती तंतूंच्या विरुद्ध जातेच. पटाशी तिरपी धरून पातळ किस काढावा, शेवटचे काम कानस आणि स्क्रॅपरने करावे. जुने कारागीर स्क्रॅपरवरच भर देत, आणि त्याने सोडलेला पृष्ठभाग पॉलिश पेपरपेक्षा जिवंत दिसतो असे माझे मत आहे.

खडबडीतपणाचे कारण निराळे आहे. लाकूड ओले झाले की दबलेले तंतू उभे राहतात. म्हणून रंगाआधीच दस्ता ओल्या फडक्याने पुसावा, वाळू द्यावा, उभे तंतू बारीक कागदाने हलके काढावेत आणि हे दोन-तीन वेळा करावे. पारंपरिक रंग लोहाच्या नायट्रेटचा असतो. त्याचे पाण्यातील द्रावण लावून वाळल्यावर गरम हवेच्या यंत्राने तापवले की मळकट हिरवट दिसणारे लाकूड क्षणात लालसर तपकिरी होते आणि लहरी उठून दिसतात. हे द्रावण आम्लधर्मी असल्याने हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा आवश्यक आहे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसून उरलेले आम्ल मारावे. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर प्रयोग करावा, कारण प्रत्येक फळीचा रंग वेगळा येतो.

१३. वरून कोणते तेल द्यावे? जवसाचे चालेल का?

चालेल, पारंपरिक तेच आहे. कमी द्यावे, हाताने चोळावे, उरलेले पुसून टाकावे, आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचा हात द्यावा. हात किती द्यायचे यापेक्षा प्रत्येक हात किती पातळ आहे याला महत्त्व आहे. लॉक व नळी बसण्याच्या लाकडातील खाचांनाही एक हात द्यावा, नाही तर ओलावा तेथून शिरतो.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. या छंदात घराला आग लागायचीच तर ती दारूपेक्षा या चिंध्यांनी लागण्याचा संभव अधिक आहे.

१४. नळीला तपकिरी रंग कसा येतो? आमच्याकडे हिवाळ्यात हवा फार कोरडी असते.

तो रंग म्हणजे नियंत्रित गंजच असतो. नळी तेलकटपणा जाईपर्यंत स्वच्छ करून, नंतर उघड्या हाताने न स्पर्शता, गंज आणणारे द्रावण एकाच दिशेने सलग लावतात, दमट जागी काही तास ठेवतात, उठलेला गंज जाड कापडाने पुसतात आणि रंग एकसारखा होईपर्यंत काही दिवस हेच पुन्हा करतात. शेवटी सोडा घातलेल्या गरम पाण्याने प्रक्रिया थांबवून तेल लावतात. नळीचे तोंड व कान (आग आत जाण्याचे बाजूचे बारीक छिद्र) आधी ग्रीस लावलेल्या लाकडी बुचांनी बंद करायला विसरू नये. मुंबईची जुलैतली हवा या कामाला आदर्श ठरली असती. कोरड्या हिवाळ्यात लांबट पेटीत ओला टॉवेल ठेवून किंवा गरम पाण्याने वाफ भरलेल्या न्हाणीघरात नळी टांगून ओलावा मिळवता येतो.

१५. घोडा पडतो, पण ठिणगी पडत नाही किंवा क्षीण पडते.

ठिणगी गारगोटीची नसते. गारगोटीची धार फ्रिझन नावाच्या पोलादी झडपेवरून खरवडत जाते आणि सुटलेले पोलादाचे सूक्ष्म कण तापून जळतात. म्हणून पहिला संशय धारेवर घ्यावा. ती बोथट आहे का, फ्रिझनच्या संपूर्ण रुंदीला एकाच वेळी भिडते का, आणि गारगोटी चामड्याच्या तुकड्यात घट्ट आवळलेली आहे का, ते पाहावे. उतरती बाजू वर आणि खाली अशा दोन्ही प्रकारे लावून पाहावे, कारण कोणत्या लॉकला काय मानवते हे करूनच कळते. इंग्लंडमधील ब्रँडन गावच्या काळ्या गारगोटीला जाणकार अजूनही पसंती देतात. करवतीने कापलेले अकीक स्वस्त असते, पण त्याची धार लवकर मरते.

हे सर्व ठीक असूनही ठिणगी नसेल तर फ्रिझन मऊ असू शकतो. त्याच्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पोलाद कठीण आहे, रुतली तर मऊ आहे. मऊ निघाल्यास लॉक बनवणाऱ्याकडे परत पाठवावे. कोणते पोलाद आहे हे ठाऊक नसताना घरच्या गॅसवर पाणी देण्याचा प्रयोग करू नये.

१६. रंजक भडकते, पण आतली दारू पेटत नाही.

रंजकदानातली आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत पोचली नाही असा याचा अर्थ आहे. नव्या बंदुकीत सर्वांत संभाव्य कारण म्हणजे साठवणुकीचे तेल तेथे साचलेले असते. भरण्यापूर्वी नळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि कान बारीक तारेने मोकळा करावा. रंजक इतके भरू नये की कान त्याखाली गाडला जाईल, कारण तसे झाले तर आगीची झेप आत जाण्याऐवजी वातीसारखे सावकाश जळणे सुरू होते.

कान आधीच पाडलेला असलेल्या किटमध्ये त्याची जागा बहुधा बरोबर असते. तो पाडायचा राहिलेल्या किटमध्ये मात्र त्याचे रंजकदानाशी आणि आतील ब्रीच प्लगशी असलेले अंतर नेमके साधावे लागते. हे एक काम पहिल्या खेपेस अनुभवी बंदूक कारागिराकडून करून घ्यावे. मोठे छिद्र म्हणजे जलद बार, या समजुतीने ते रुंद करू नये. बार उडाला नाही तर नळी निशाणाच्या दिशेनेच रोखून किमान मिनिटभर थांबावे, दारू आत धुमसत असू शकते.

१७. दारू कोणती, आणि पहिला बार कसा उडवावा?

केवळ खरी काळी दारू. आधुनिक बिनधुराची दारू थोडी जरी घातली तरी नळी फुटू शकते आणि यात कसलाही अपवाद नाही. काळ्या दारूला पर्याय म्हणून विकले जाणारे पदार्थ पेटायला अधिक उष्णता मागतात, म्हणून टोपीच्या बंदुकीत चालणारे ते पदार्थ चकमकीत अनेकदा दगा देतात. दारूचे कमाल प्रमाण नळीच्या निर्मात्याने लेखी दिलेलेच मानावे, कोणाच्याही तोंडी सल्ल्यावर जाऊ नये. गोळी दारूवर पूर्ण टेकेपर्यंत गजाने ठासावी. मध्ये पोकळी राहिली तर नळीला इजा होऊ शकते.

पहिला बार एकट्याने उडवू नये. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मझल लोडिंग रायफल संघटनेचे मुख्य मैदान इंडियानातील फ्रेंडशिप या गावी आहे आणि संघटनेशी जोडलेले क्लब अनेक राज्यांत आहेत. तेथील जुनी मंडळी नवी बंदूक खुशीने तपासून देतात आणि न मागता चार दोषही दाखवतात. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि लॉकच्या बाजूला कोणी उभे नसावे, कारण कानातून आगीची जीभ बाजूला निघते.

१८. पहिल्याच बंदुकीवर कोरीव नक्षी करावी का?

करू नये. नक्षीने रेषेचा दोष झाकला जात नाही, उलट तिकडे लक्ष जाते. तरीही हात शिवशिवत असतील तर मेपलच्या टाकाऊ तुकड्यावर सराव करावा.

१९. मुठीपाशी बारीक चीर गेली आहे. दस्ता फेकून द्यावा लागेल का?

चीर बांधणीच्या वेळी, दाब देताना गेली असेल आणि तंतू तुटलेले नसतील, तर ती अलगद उघडून पातळ इपॉक्सी आत शोषवून, दाबून धरून सांधता येते. सांध्यावर रंग नीट चढत नाही, म्हणून शक्य तर लोहाचा रंग आधी द्यावा. तंतू आडवे तुटले असतील किंवा चीर बार उडवल्यानंतर दिसली असेल तर प्रश्न निराळा आहे. अशा वेळी नळी मागच्या बाजूला लाकडाला पूर्ण टेकते की नाही हे प्रथम तपासावे (प्रश्न ८), कारण मूळ कारण तसेच राहिले तर सांधलेली मूठ पुन्हा त्याच जागी फुटते.

२०. एका ओळखीच्या गृहस्थांकडून अर्धवट राहिलेले जुने किट मिळाले आहे. कागदपत्रे नाहीत. पुढे काम सुरू करू का?

आधी नळी भरलेली नाही याची खात्री करावी. हास्यास्पद वाटले तरी जुन्या ठासणीच्या बंदुकांत विसरलेले बार सापडतात. तोंडाशी उभे न राहता लाकडी गज नळीत तळापर्यंत सोडावा, तोंडापाशी त्यावर खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरावा. आतले टोक कानाच्या पातळीपर्यंत पोचले नसेल तर आत काहीतरी आहे असे धरून ती बंदूक कारागिराकडे न्यावी.

रिकामी असल्यास दस्ता आणि सामानाचे काम निर्धास्तपणे सुरू करता येईल, परंतु नळीचा निर्माता ठाऊक नसेल, ब्रीच प्लग कोणीतरी काढून पुन्हा बसवल्याच्या खुणा असतील किंवा कान आधीच हाताने पाडलेला दिसत असेल, तर ती नळी तपासणीवाचून वापरू नये. अनेक कारागीर ती तपासण्याचे पैसे नव्या नळीच्या किमतीच्या तुलनेत अगदी थोडे घेतात. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर त्याच बाह्य मापाची नवी नळी घ्यावी, आणि मागवण्यापूर्वी जुन्या नळीची रुंदी दोन्ही टोकांना व मध्ये मोजावी. काही नळ्या मध्ये बारीक आणि टोकाशी पुन्हा रुंद असतात, आणि सरळ नळी त्या खाचेत बसत नाही.